घरात माणसं दोनच

दारुडे जमतात ती खोली कुठे आहे, हे भर रस्त्यात कुणाला विचारायचं कसं, या पेचात ती औषधांच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभी होती. शेवटी आत जाऊन तिने खोकल्याचं औषध घेतलं आणि सहज आठवल्यासारखं विचारलं. दुकानदाराने आवाज खाली आणला आणि वाचनालयाच्या मागचा जिना सांगितला.

"नवऱ्याला शोधायचंय," ती म्हणाली. त्याने समजुतीने मान डोलावली. ती समजूत तिला मुळीच आवडली नाही.

नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावताना खिशात चिठ्ठी सापडली होती. 'दारूपासून सुटका. दर गुरुवारी, संध्याकाळी सहा वाजता.' नवरा लिफ्ट मेकॅनिक. गुरुवारी इस्पितळातल्या लिफ्टची तपासणी असते, असं तो अकरा महिने सांगत आला होता, आणि तिने भोळेपणाने ते खरं मानलं होतं.

बाटल्या मात्र केव्हापासून सापडत होत्या. एक शिलाईयंत्राच्या मागे, एक चिंध्यांच्या गाठोड्यात. विषय काढला की नवरा बाटली मोरीत ओतून टाकायचा. चोरी पकडली गेल्यावर माणूस दुसरं काय करणार? पोरगी आत्याकडे गेल्यापासून घरात माणसं दोनच. पिणारं कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पोरीला नणंद घेऊन गेली त्याला सात महिने झाले. घरातली दारू बंद झाल्याशिवाय ती परत यायची नाही, असं नणंदेने तोंडावर सांगितलं होतं. भावाचं पाप झाकायचं आणि भावजयीला सुनावायचं, ही तिची जुनी खोड. पोरगी फोनवर 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नव्हती. आत्याने पढवलं असणार.

इकडे शिवणाच्या कारखान्यात मालकाने तिला कापड कापण्यावरून उठवून काज-बटणांवर बसवलं. हात थरथरतो म्हणे. असल्या संसारात थरथरणार नाही तर काय होणार? बारा वर्षं तिची कात्री रेघभरही चुकली नव्हती.

आज तिने फोन पूर्ण चार्ज करून आणला होता. त्या लोकांत बसलेल्या नवऱ्याचा एक फोटो, बस्स. तो नणंदेसमोर आपटायचा आणि पोरीचा हात धरून घरी आणायचं.

जिन्याच्या तोंडाशी वाचनालयातली बाई पुस्तकांना खळ लावत बसली होती. वर दोन खोल्या आहेत, गुरुवारी दोन बैठका असतात, असं काहीतरी ती समजावून सांगू लागली. पण ऐकून घ्यायला हिला तेवढा दम कुठला!

"पिणारे कुठे बसतात, एवढंच सांगा."

"उजवीकडे. पण डावीकडे..."

ती वर चढलीसुद्धा. मधल्या वळणावर थांबून तिने खोकल्याच्या औषधाचं बूच उघडलं, दोन मोठे घोट घेतले, वर पेपरमिंटची गोळी चघळली. खोकला तसा नव्हता. पण अशा वेळी जरा आधार वाटतो.

उजवीकडच्या खोलीत आठ-दहा जण गोल करून बसले होते. नवरा त्यांत नव्हता. एका म्हाताऱ्या मास्तरांनी तिला पाहिलं आणि शेजारची रिकामी खुर्ची पुढे सरकवली.

"या, बसा. पहिल्या दिवशी दारातून सगळ्यांनाच मागे फिरावंसं वाटतं."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण कोण, कशाला आलो, याची साधी चौकशी नाही आणि निघाले खुर्ची द्यायला! नवऱ्याला शोधतेय, असं तिने ठणकावून सांगितलं. मास्तर रागावले नाहीत. खुर्ची कुणी हलवणार नाही, एवढंच म्हणाले.

ती तरातरा बाहेर आली, आणि समोरच्या खोलीच्या दाराशी तिला हत्यारांची पिशवी दिसली. पट्टा तिनेच दुहेरी टाक्यांनी शिवलेला. सापडला!

दार अर्धवट लोटलेलं होतं. इथेही माणसं गोल करून बसली होती. नवऱ्याची पाठ तिच्याकडे होती. तिने फोन उचलला, थरथरता हात दुसऱ्या हाताने घट्ट धरला, आणि मग तिला त्याच्या शेजारची दोन वेण्यांची मुलगी दिसली. अंगात तिनेच विणलेला निळा स्वेटर.

पोरीलाही इथे आणून बसवलं! स्वतःचे धिंडवडे कोवळ्या पोरीला दाखवायला लाज कशी वाटली नाही या माणसाला? ठीक आहे. ऐकू दे पोरीला बापाच्या तोंडून. एकदा तरी कळू दे खरं काय ते.

पण नवरा उठला नाही. त्याने हलकेच पोरीच्या पाठीवर हात ठेवला, आणि पोरगीच उभी राहिली.

"मी नववीत आहे," ती म्हणाली. "आमच्या घरी आई पिते."