बंदराला लागलो होतो

"आता डावीकडे वळलं की ट्रम्पेटवाल्यांची गल्ली," म्हणत बाबा ऐटीत वळले. समोर बँक होती.

सकाळपासून असंच चाललं होतं. निळ्या दाराच्या गायिकेचं घर शोधायला गेले, तर तिथे मासळीचं गोदाम. कारंज्याच्या चौकाचा तर पत्ताच नव्हता. एका म्हाताऱ्या न्हाव्याला विचारलं, तर त्याने कात्री खाली ठेवून बराच विचार केला. सगळा जन्म इथेच गेला, म्हणाला, पण असा चौक काही पाहिला नाही.

लेक मागून चालत होती. आईचं असंच सुरू झालं होतं, आधी रस्ते चुकले आणि मग माणसं. आता बाबाही? हे शहर तर त्यांना तोंडपाठ होतं. ते बोटीवर आचारी होते. सुट्टीवर घरी आले की याच शहराच्या गोष्टी सांगून तिला झोपवायचे. म्हणून तर तिने हट्टाने त्यांना इथे आणलं होतं.

दुपार कलली. जुन्या धक्क्यावर ऊन मऊ पडलं होतं. वरच्या आळीत कुणीतरी व्हायोलिन जुळवत होतं, पाणी दगडांना चाटून परत जात होतं आणि सगळं शहर अर्धवट झोपेत कूस बदलत असावं असं वाटत होतं. तिने बाबांना पायरीवर बसवलं.

"बाबा, खरं सांगा. काहीच आठवत नाहीये का?"

"सगळं आठवतंय."

"मग सापडत का नाही?"

बाबांनी बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

"अगं ठमे, मी इथे कधी उतरलोच नाही."

"असं कसं? तुम्हीच सांगायचात ना, आम्ही त्या बंदराला लागलो..."

"लागलोच होतो की! लागलो म्हणालो. उतरलो असं कधी म्हणालो?" वकिली मुद्दा सापडल्यामुळे ते क्षणभर खूश झाले. मग आवाज खाली आला. "बाकीचे उतरायचे. परत आले की त्यांना गरम जेवण हवं असायचं. ते कोण करणार? मी भटारखान्याच्या खिडकीतून ऐकायचो. पाण्यावरून गाणं यायचं. कुठून येत असेल, कोण गात असेल... कांदा चिरता चिरता एकेक गल्ली बांधत गेलो."

"आणि निळ्या दाराची बाई?"

"ती तुझ्यासाठी केली. तू झोपायचं नावच घेत नव्हतीस."

तिचा जीव भांड्यात पडला. हसू आलं, आणि हसता हसता रडूही. लहानपणी ती रोज ज्या शहरात झोपायला जायची, ते कुठेच नव्हतं. पण बाबा जागेवर होते.

"रागावलीस?"

"उठा आधी," ती म्हणाली. "चला माझ्याबरोबर."

चढाच्या गल्लीतून ती दोघं आवाजाच्या मागावर निघाली. व्हायोलिन जुळलं होतं आणि त्याच्यासोबत आता कुणी बाई गात होती. बाबा उघड्या खिडकीखाली थबकले. भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकू लागले. एकाएकी त्यांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"अगं," ते कुजबुजले, "ही मध्ये श्वास घेते! बोटीवर हे कधी ऐकूच आलं नाही."