ताईच्या शिडातला वारा

भोंगा वाजला आणि साऱ्या होड्या वाऱ्याला छेदत पाण्यात तरंगणाऱ्या पहिल्या बोयाकडे सुटल्या. दोनच मागे राहिल्या. एक ताईची, आणि दुसरी तिचा वारा अडवून बसलेली धाकटीची.

ताईकडे येणारा वारा आधी धाकटीच्या शिडात शिरत होता. ताईच्या वाट्याला यायचा तो उष्टा, विस्कटलेला. तिचं शीड नुसतं फडफडत होतं. तिने होडी डावीकडे वळवली, धाकटीनेही वळवली. ती उजवीकडे गेली, धाकटीही गेली.

"अगं, सगळ्या पुढे गेल्या!" होडीचा तोल सांभाळायला डोलकाठीच्या तारेला लटकून काठाबाहेर झुकलेली जोडीदारीण ओरडली. ती दातांची डॉक्टर होती. दवाखान्याला कुलूप लावून धाकटीच्या होडीत आली होती. "आपण इथे काय करतोय?"

"जिंकतोय," धाकटी म्हणाली.

ते खोटं नव्हतं. स्पर्धेत प्रत्येक होडीची सर्वांत वाईट शर्यत गुणांत धरत नसत. ताईने ती सवलत सुरुवातीलाच वापरून टाकली होती, धाकटीची अजून शिल्लक होती. ही शेवटची शर्यत. दोघी आज तळाला राहिल्या तर ताईची शर्यत मोजली जाणार, धाकटीची नाही, आणि अजिंक्यपद धाकटीचं. अट एकच, शर्यत पुरी करायची. अर्धवट सोडलेल्या शर्यतीला सवलत नाही.

पण धाकटीला अजिंक्यपदाची एवढी भूक असती तर ती गालातल्या गालात अशी हसली नसती. वर्षानुवर्षं ती ताईच्या होडीत याच तारेला लटकली होती. ताईने सुकाणू धरायचं आणि हिने जीव टांगायचा. मग एका सकाळी धक्क्यावर गेली, तर तिच्या जागी एक दांडगी मुलगी उभी, अंगात धाकटीचंच जॅकेट. "तू हलकी पडतेस गं," ताई म्हणाली, आणि रात्री जेवताना ताट पुढे सरकवत विचारलं, "रागावली नाहीस ना?" त्या दिवसापासून धाकटीने ताईवर धरलेला दात डॉक्टरच्या कुठल्याच चिमट्यात मावणारा नव्हता.

वळायच्या आधी ताई जीभ गालात घोळवते, हे दुनियेत एका धाकटीला ठाऊक. तिकडे गाल फुगला की इकडे सुकाणू वळलेलं. ताईने हूल दिली, मध्येच वेग मारला, शीड सैल सोडलं, पुन्हा ताणलं. नाना तऱ्हा केल्या. धाकटी मानगुटीवरून उतरली नाही.

"वेडी झालीस का?" दोन्ही होड्या जवळ आल्या तेव्हा ताई ओरडली. "घरी बोलू ना!"

"घरी तू कधी बोललीस?"

ताईने तोंड फिरवलं. तिची दांडगी जोडीदारीण दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला या भांडणातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि धाकटीला तिची दयाही येत नव्हती.

शेवटच्या बोयाला वळसा घालून त्या परत वाऱ्याच्या तोंडावर आल्या, तोवर बाकीच्यांनी अंतिम रेषा ओलांडली होती. पंचांच्या बोटीवर निळा बावटा अजून फडकत होता. तो उतरला की मागाहून येणाऱ्यांची शर्यत धरत नसत. पण रेषा समोर होती. चार हात मारून पोहतही गाठता आली असती.

डॉक्टर आत सरकून बसली आणि तिने ओले केस पिळले. "झालं बाई. बुडवलंस तिला. आता नाकासमोर चल. दातांखेरीज काही चमकताना पाहिलं नाही मी आयुष्यात, एकदा चषक तरी बघू दे."

धाकटी हसली. खूप दिवसांनी तिला मोकळं हसू आलं. तिने मागे पाहिलं. ताईचा चेहरा पडलेला असणार, तो तिला डोळे भरून बघायचा होता.

चेहरा पडलेला नव्हता. ताई रेषेकडे बघतही नव्हती. तिने जॅकेटचं बक्कल सैल केलं आणि धाकटीकडे बघून म्हणाली, "चल, बघू कुठवर येतेस."

आणि तिने सुकाणू ओढलं. होडी गर्रकन फिरली. रेषेकडे पाठ, तोंड उघड्या पाण्याकडे. सकाळपासून पहिल्यांदाच ताईच्या शिडात वारा भरला. पांढरंशुभ्र शीड टरारून फुगलं आणि होडी सुसाट निघाली.

धाकटी त्या फुगलेल्या शिडाकडे बघत राहिली. तिला ते सहन होईना.

"अगं, रेषा इकडे!" डॉक्टर किंचाळली. "जाऊ दे तिला! सोडून दिली तिने शर्यत!"

धाकटीच्या हाताने सुकाणू वळवलंही होतं. होडी फिरली, एका बाजूचं शीड धाडकन दुसऱ्या बाजूला आलं, डॉक्टर कशीबशी वाकून वाचली. तिने धाकटीचा दंड धरून गदागदा हलवला. मग हात सोडून दिला आणि मागे वळून पाहिलं. पंचांच्या बोटीवरचा माणूस निळा बावटा उतरवत होता.

धाकटीने मान वळवली नाही. ती बरोबर ताईच्या पाठीशी आली, वाऱ्याच्या वाटेत. ताईचं शीड थरथरलं, ढिलं पडलं, लोंबू लागलं. तेव्हा कुठे धाकटीच्या जिवाला गार वाटलं.