नारिंगी पट्टी

बाउन्सरने योगराजचं मनगट धरलं, वळवलं आणि त्यावरच्या नारिंगी पट्टीवर टॉर्च मारला. परवापर्यंत ती पट्टी पिवळी होती.

"आगे चल," बाउन्सर म्हणाला आणि त्याला असं ढकललं, की आत जाणं हा मान आहे की शिक्षा, ते कळू नये.

सुरतेच्या डुमस रोडवरच्या त्या मैदानात आज दोनच जाती होत्या. नारिंगी पट्टीवाले स्टेजला चिकटून, पिवळी पट्टीवाले पार मागे, फिरत्या संडासांच्या शेजारी. योगराजच्या घरी तिकिटांबरोबर आल्या त्या दोन्ही पट्ट्या पिवळ्या. आणि त्याला तर निर्वेदच्या हाताला एकदा हात लावायचा होता. निर्वेद म्हणजे स्वतः गाणी लिहिणारा, स्वतः चाली लावणारा आणि स्वतःच रडणारा गायक. योगराजला त्याची सगळी गाणी पाठ होती, रडण्याच्या जागांसकट.

योगराज पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापडाचे रंग जुळवायच्या लॅबमध्ये कामाला होता. शेठच्या मुलाने ऑफिसात आपली नारिंगी पट्टी मिरवली, तेव्हा योगराजने ती शेड डोळ्यांत उतरवून घेतली. पिवळ्यावर लाल किती चढवला की हा नारिंगी येतो, हे त्याने झोपेतही सांगितलं असतं. शेड जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फक्त त्याचा रंग टिकत नसे. लॅबचे प्रमुख भगवान मास्तर त्याच्या प्रत्येक नमुन्यावर ओला पांढरा रुमाल रगडायचे आणि रंगलेला रुमाल उंच धरून सगळ्या लॅबला दाखवायचे.

"योगराज, तुझा रंग तुझ्यासारखाच. पाणी दिसलं की पळतो."

पाच वर्षं हेच वाक्य. पण एका संध्याकाळपुरता टिकला तरी बस होतं. मास्तर जेवायला गेल्यावर त्याने नमुने रंगवायच्या छोट्या मशीनमध्ये पट्टी टाकली. एकच टाकली. आधी आपली बघू, जमली तर बायकोची. जमली, पण तोवर मास्तर जेवून आले.

बायकोला, म्हणजे ज्योतीला, मुळात यायचंच नव्हतं. तिच्या मते निर्वेदचा आवाज सर्दी झालेल्या बोक्याचा होता. नवऱ्याच्या हट्टापायी ती दोन रिक्षा बदलून आली आणि मैदानाच्या दारात तिने आधी त्याचं मनगट पाहिलं, मग स्वतःचं.

"मंग मी काय करू? मागून तुमचं टक्कल बघू?"

दोन गाणी ऐकून मागे येतो, असं योगराज म्हणाला. येऊ नका, असं ज्योती म्हणाली आणि शेंगदाण्याची पुडी त्याच्या हातातून काढून घेऊन पिवळ्यांत निघून गेली.

पुढे कोणी कोणाचं नव्हतं. एकाने त्याच्या पायावर बूट ठेवला आणि तिथेच नाचला. घामाने रंग उतरेल म्हणून योगराजने हात डोक्यावर धरला होता, तर मागच्या मुलीने त्याच्या पाठीत कोपर मारून सांगितलं, की हात खाली घे, माझ्या व्हिडिओत तुझी बगल येते. त्याने हात घेतला नाही. तिने कोपर घेतलं नाही. असा तासभर संगीताचा आनंद चालला.

मग निर्वेदने गिटार खाली ठेवली. म्हणाला, एकेकाळी मीही मागेच उभा राहायचो. खरं प्रेम मागे उभं असतं. शेवटचं गाणं पुढच्यांसाठी नाही. पिवळ्या पट्टीवाली दहा माणसं इथे वर माझ्याजवळ बसतील आणि त्यांचा हात हातात घेऊन मी ते गाईन.

नारिंगी लोकांनी जोरात शिट्ट्या मारून निषेध केला. सगळ्यात जोरात योगराजने मारली. मग त्याला आठवलं, की आपण पिवळे आहोत.

दहा जण त्याच्या नाकासमोरून जिना चढून गेले. दहावी ज्योती होती. सगळं मैदान नाचत असताना ती एकटी जमिनीवर बसून शेंगदाणे खात होती, म्हणून कॅमेऱ्याच्या नजरेत भरली आणि निवडली गेली होती.

योगराज जिन्याकडे धावला. तिथे तोच बाउन्सर होता. योगराजने त्याला सांगितलं, की ही पट्टी मी रंगवलेली आहे, खरा मी पिवळाच, आणि ती वर बसलेली माझी बायको आहे. बाउन्सरने चोर पुष्कळ पाहिले होते. खालच्या जातीत घ्या म्हणून गयावया करणारा पहिलाच.

तेवढ्यात वर निर्वेदने ज्योतीचा हात हातात घेतला आणि माइकवर विचारलं, की आपण कोणाबरोबर आलात.

ज्योतीने खाली पाहिलं. योगराज तिला दिसला. नीट दिसला.

"अकेलीच आयी हूँ," ती म्हणाली.

मैदानाने टाळ्यांचा कडकडाट केला. बाउन्सरने योगराजची कॉलर धरली.

आता एकच पुरावा उरला होता. योगराजने खिशातून पांढरा रुमाल काढला, बाउन्सरच्याच बाटलीतल्या पाण्यात भिजवला आणि त्याच्या हातात दिला.

"रगड के देखो, साहब. कच्चा है. पाँच साल में मेरा एक भी रंग टिका नहीं." आयुष्यात पहिल्यांदाच तो हे छाती पुढे काढून बोलला.

बाउन्सरने रगडलं. दात-ओठ खाऊन रगडलं. पट्टीखालची कातडी लाल झाली. मग त्याने रुमाल स्टेजच्या दिव्यांसमोर, भगवान मास्तरांसारखाच, उंच धरून दाखवला.

पांढराशुभ्र.