पिवळी रेघ

"मोरचूद," खोक्याच्या भोकाला लावलेला डोळा न काढताच भाग्यश्रीने सांगितलं. "आणि मीठ."

पुठ्ठ्याच्या आडोशामागे स्पिरिटच्या दिव्याशी बसलेले परीक्षक बोरसे सर हसले. "मोरचूद बरोबर. मीठ मी घातलेलंच नाही."

"घातलंय, सर."

जिल्हा विज्ञान प्रदर्शनाच्या त्या काळे पडदे लावलेल्या वर्गात सगळे पुढे सरकले. टेबलाभोवती पोरं दाटली होती. शेजारच्या 'हवेवर चालणाऱ्या सायकल'वाल्या पोराने तेवढ्यात संधी साधली, "ताई, आमचा निकाल पण बघून सांगा ना खोक्यात!"

खोकं चपलांचं होतं. आडोशातल्या भोकातून ज्योतीकडे रोखलेल्या टोकाला दोन ब्लेडची बारीक फट, आत तिरका बसवलेला सीडीचा तुकडा. फटीतून उजेड शिरला की त्याच्या रंगीत रेघा पडायच्या, आणि ज्या पदार्थाचा उजेड त्याच्याच रेघा, दुसऱ्या कुणाच्या नाहीत. परीक्षकांनी आडोशामागे तीन पुड्यांतली कुठलीही चिमूट तारेवर घेऊन ज्योतीत धरायची, आणि भाग्यश्रीने रेघा वाचून नाव सांगायचं आणि वहीत लिहायचं. मोरचूद तिच्या जोडीदारणीच्या, अंजलीच्या, द्राक्षबागेतलं, फवारणीतून उरलेलं. तार जुन्या शेगडीच्या कॉइलची. आणि मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत प्रयोगाचं नाव: 'तारा फुटला, कसा फुटला?'

"हे बघ," बोरसे सरांनी मिठाची पुडी सगळ्यांना दाखवली. तिच्यावरचा दोरा जसाच्या तसा होता. "आता बोल."

भाग्यश्रीने पुन्हा डोळा लावला. हिरवे पट्टे तांब्याचे, म्हणजे मोरचुदाचे. आणि त्यांच्या शेजारी, सुईने ओढावी तशी, मिठाची पिवळीजर्द रेघ.

"आहे, सर."

"पोरी, तुझं काम चांगलं आहे. राज्याला एकच प्रयोग पाठवायचाय आणि मला तुमचाच पाठवायचाय." सरांनी गुणांच्या कागदावर पेन्सिल टेकवली. "तुझ्या वहीतलं 'मीठ' तेवढं खोड. पैकीच्या पैकी देतो. नाहीतर उत्तर अर्धं चूक, आणि मग माझा नाइलाज आहे."

अंजलीने तिच्या दंडाला चिमटाच काढला. "भागे, खोड ना! एक शब्द तर हाय! राज्याला जायचंय का नाय आपल्याला?"

तीन महिने दोघींनी बोटं कापून घेतली होती त्या ब्लेडवर. तिने पेन उचललं. वहीवर नेलं. आणि टोपण लावून खाली ठेवलं.

"नाही खोडत, सर. रेघ आहे ना तिथे." आवाज कापला, पण थांबला नाही. "तारा फुटतो तेव्हा त्याच्या उजेडात हायड्रोजनची रेघ आहे की नाही, एवढ्यावर ठरतं तो कसा मेला ते. इथे तुमच्यासमोर दिसलेली रेघ मी खोडली, तर तिथली कोण खरी मानणार?"

"लय शहाणी हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"सर, तुम्हीच बघा. तार मी आधी लाल करून घेतली होती, तेव्हा ज्योत कोरी होती, पिवळी रेघ नव्हती."

बोरसे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळा भोकाला लावला. "आयला," एवढंच पुटपुटले.

मग भाग्यश्रीचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. बोटांची टोकं हळदीने पिवळी झाली होती.

"सर... तुम्ही चिमूट हातानेच घेतली? चमच्याने नाही?"

"हातानेच. का?"

"परीक्षकांच्या खोलीत चिवडा होता ना आत्ता?"

सरांनी बोटं नाकाशी नेली. वर्ग असा हसला की पडदे हलले. सायकलवाला तर टेबलावर थापा मारत होता. सर मात्र हसले नाहीत. उठले, बाहेरच्या नळावर साबणाने हात धुऊन आले, तार स्वतः लाल केली आणि धुतलेल्या चमच्याने मोरचूद टेकवलं.

"बघ."

"हिरवंच, सर. पिवळी गेली."

त्यांनी स्वतः एकदा पाहिलं. मग गुणांच्या कागदावर 'अर्धं चूक' लिहिलं होतं ते त्यांनीच खोडलं, आणि फायलीतून एक घडी घातलेली झेरॉक्स काढली.

"यादीत तुमच्या प्रयोगाचं नाव वाचलं तेव्हाच कॉलेजातून आणली होती. म्हटलं, पाठ करून आलेल्या असतील तर कळेल." कागदावर वेड्यावाकड्या चढउतारांची एक रेषा होती. खाली छापलेली ओळ त्यांनी पंजाने झाकली. "कुठल्यातरी आकाशगंगेत फुटलेल्या ताऱ्याच्या उजेडाचा आलेख, रेघांच्या जागी उंचवटे आणि खड्डे. वाच."

भाग्यश्रीने कागदावर बोट ठेवलं. बोट डावीकडून उजवीकडे सरकलं, परत आलं, थांबलं.

"इथे हायड्रोजन हवा होता, नाहीये. कुठंच नाहीये. आणि हा खोल खड्डा सिलिकॉनचा." आता आवाज अजिबात कापत नव्हता. "म्हणजे हा आपल्याच भाराने कोसळून फुटलेला थोरला तारा नाही, सर. हा श्वेत बटू, जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गोळा. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत बसला, ओढत बसला, आणि पेलवेना तेव्हा सगळाच्या सगळा उडाला."

बोरसे सरांनी पंजा उचलला. अंजली, सायकलवाला, झाडून सगळ्यांच्या माना एकदम त्या छापलेल्या ओळीवर वाकल्या.

भाग्यश्री बघायला गेली नाही. पाठीमागून अंजलीची आनंदाची किंकाळी आली, तेव्हा ती ज्योतीत तार लाल करत विचारत होती, "हं, पुढे कोण?"