डोकं नसलेली कोंबडी

वर्षअखेरच्या जेवणात मालक उकडलेल्या कोंबडीचं डोकं ज्याच्याकडे वळवील, त्याची नोकरी गेली, ही चीनमधल्या फोशान शहराची रीत. यंदा सुतारखान्याचा मालक असलेल्या नवऱ्यानं सुकयीला फर्मावलं, “अख्खी कोंबडी नको. बारीक तुकडे काजू घालून परतून दे.” “फुंगकाकांना काढायचंय, आणि मेलेली कोंबडी त्यांच्याकडे वळवायलाही हात धजत नाही तुमचा?” सुकयीनं विचारलं. “उद्या फोनवर निरोप धाडीन,” तो पुटपुटला. काजू बदामी होईतो तेलात हलवत ती मनात म्हणाली, कोंबडीचंही काळीज याच्याहून मोठं असतं. टेबलावर नुसते तुकडे पाहून फुंगकाकांचा चेहरा उजळला. बावीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या सुतारखान्यात रंधा मारला होता. “वाचलो बुवा,” ते हसले. “आता लेकीच्या लग्नाची तारीख धरतो.” “धरा की,” नवरा म्हणाला आणि काजू उचलू लागला. सुकयीनं त्याच्या हातातल्या जेवायच्या काड्या काढून घेतल्या. “आधी सांगा त्यांना. मग जेवा.”