सिरिल सही करेना

"मी सही करणार नाही," सिरिल थ्रेलफॉल म्हणाला आणि त्याने दोन्ही हात मांडीखाली दडपले.

एनिडने मनगटाने ढकलत अर्ज पुन्हा त्याच्यापुढे सरकवला. "हट्टीपणा नको करू. मागे रांगेत लोक थांबलेत."

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुड गावातल्या वाचनालयात दर मंगळवारी मॉइरा टेबल टाकून बसायची. निवृत्त होईपर्यंत ती पोस्टाच्या खिडकीवर कामाला होती. आता गावकऱ्यांचे सरकारी अर्ज फुकट तपासून द्यायची. हे दोघं तिच्या जुन्या ओळखीचे. एनिड ही सिरिलच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोघांची घरं शेजारीशेजारी, मध्ये एकच भिंत. सिरिलने जन्मभर मासेमारीच्या बोटींची इंजिनं सांभाळली. सहा वर्षांपूर्वी त्याची नजर पूर्ण गेली. तेव्हापासून एनिड सकाळी आठला त्याच्या दारात उभी राहायची, ती संध्याकाळचं जेवण उरकूनच घरी परतायची. अपंग माणसाची आठवड्याला पस्तीस तास काळजी घेतली तर सरकार भत्ता देतं, हे तिला यंदा कळलं. अर्जावर सिरिलची सही हवी होती.

"आमच्या गल्लीतल्या ग्लॅडिसचं ऐकून घाबरलाय हा," एनिड मॉइराला म्हणाली. "तिच्या मुलाने हाच भत्ता घेतला आणि तिकडे ग्लॅडिसचे पैसे कापले. हा मेला पहिल्यापासूनच कंजूष."

"ग्लॅडिसचं खरंच तसं झालं," मॉइरा म्हणाली. "एकटं राहणाऱ्या अपंग म्हाताऱ्या माणसाला वाढीव रक्कम मिळते. पण त्याची काळजी घेण्याबद्दल दुसऱ्या कुणाच्या हातात भत्ता पडला, की ती बंद. ग्लॅडिसच्या मुलाच्या हातात पडला. तुझ्या पडणार नाही."

"पडणार नाही? मग अर्ज कशाला करू?"

"तुला पेन्शन आहे. पेन्शन आणि हा भत्ता दोन्ही एकदम देत नाहीत. तुला पत्र येईल, तुम्ही पात्र आहात पण पैसे मिळणार नाहीत. ते पत्र जपून ठेव. त्याच्या आधारावर पेन्शनबरोबर तुला जी पुरवणी मिळते ना, ती वाढेल. आणि भत्ता तुझ्या हातात पडलाच नाही, म्हणून सिरिलचीही एक पेनी कापली जाणार नाही."

एनिड तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे ते नाही म्हणाले की आपला फायदा, आणि हो म्हणाले की तोटा?"

"अगदी तसंच."

"कुणाच्या डोक्यातून निघालं गं हे?"

"तीस वर्षं पोस्टात काढली," मॉइरा म्हणाली. "अजून पत्ता लागलेला नाही."

एनिड सिरिलकडे वळली. "ऐकलंस? कर आता सही."

"पैशाचं कोण बोललं?" सिरिल म्हणाला. "तो कागदच अर्धा खोटा आहे."

मॉइराने अर्ज उचलला. अक्षर मोठं होतं. ओळी चौकटीबाहेर पडून वर चढत गेल्या होत्या.

"हे अक्षर कुणाचं, एनिड?"

उत्तर सिरिलने दिलं. "माझं. ती माझं बोट जागेवर ठेवते आणि सांगते ते मी लिहितो. तिने सांगितलं, याला सगळी मदत मी करते. तेही लिहिलं. पण त्याच्याखाली सही करणार नाही."

"त्याची सवय राहावी म्हणून लिहायला लावते," एनिड घाईघाईने म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते, दिसत नसलं तरी हात चालू राहिले पाहिजेत. म्हणून माझ्या कोटाची बटणंसुद्धा त्यालाच लावायला सांगते. बरण्या उघडायला सांगते."

"कोणते डॉक्टर?" मॉइराने सहज विचारलं.

एनिडने टेबलावरचे हात चटकन मागे ओढले. सव्वीस वर्षं तिने गोदीवर बर्फात हात घालून मासे कापले होते. आता तेच हात कोटाच्या खिशात खोल गेले होते.

मॉइराने खणातून दुसरा अर्ज काढला. "हा तुझ्यासाठी. ज्याला मदत लागते त्याचा. तो मंजूर झाला की सिरिलही तुझी काळजी घेतो म्हणून तुझ्यासारखाच अर्ज करेल. दोघांनी एकमेकांसाठी केला तरी चालतो."

"मला काही झालेलं नाही."

"बरं. हातांना त्रास कधीपासून आहे?"

"गेल्या हिवाळ्यापासून. तोही थोडासाच."

"चार वर्षं," सिरिल म्हणाला.

एनिडने झटक्यात मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"बटण लावताना तुझी बोटं माझ्या बोटांना लागतात. पहिल्याच दिवशी कळलं."

"आणि चार वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास?"

"बोललो असतो तर तू दुखणं गिळून सगळं एकटीने करायला लागली असतीस. मग मला कामाला कुणी लावलं असतं?" सिरिलने हात मांडीखालून काढले. "नजर गेली तेव्हा ज्याने त्याने मला खुर्चीत बसवलं, एनिड. ऊठ म्हणणारी तू एकटी होतीस."

रांगेतलं कुणीतरी खोकलं. एनिडने जोरात नाक ओढलं. मग तिने हात खिशातून बाहेर काढले आणि वाकडी झालेली बोटं मॉइरासमोर टेबलावर ठेवली. सिरिलने चाचपडत पेन मागितलं.

"चार वर्षं लिही, मॉइरा," ती म्हणाली. "आणि केस. केसही तोच विंचरून देतो."