दारातली विहीर

समुद्रासमोरची खोली मुलाने मनात पक्की करून तिची किल्लीही घेतली होती. जतच्या दुष्काळी भागातून वेंगुर्ल्याला बदली झालेली. आता रोज खिडकीतून लाटा दिसणार होत्या. तिथलं पाणी मचूळ होतं, एवढंच.

माडांच्या वाडीतली दुसरी खोली केवळ आईच्या आग्रहाखातर पाहिली. अंधारी होती. आई मात्र दारातल्या विहिरीपाशीच थांबली. पोहरा सोडून तिने ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. गोड होतं.

“आमचा नंबर कवा आसंल?” तिने घरमालकिणीला विचारलं.

“कसलो नंबर?”

“पाण्याचा. रातीचा आसला तरी चालंल.”

“हयसर नंबर नाय. व्हया तेवा काढा.”

आई विहिरीत बघत राहिली. मग पोहऱ्यात उरलेलं पाणी तिने सवयीने, सांडू न देता, परत आत सोडलं.

मुलाने खिशातून समुद्रासमोरच्या खोलीची किल्ली काढली.

“ही परत देऊन येतो,” तो म्हणाला.